ऐकीव ‘नाही’

‘सर, नहीं बनता.’

बालाघाट जिल्ह्यातल्या सरकारी महाविद्यालयांत चौतीस वर्षे गणित शिकवताना हे वाक्य मी जवळजवळ रोज ऐकले. आमच्या भागात उदाहरण ‘सुटत’ नाही, ते ‘बनते’. आणि अडले की ‘बनत नाही’. वही पुढे सरकवणारा मुलगा बैहरच्या जंगलपट्टीतला असो, लांजीचा असो की वारासिवनीकडच्या धानाच्या गावातला, शब्द तेच. मी वही घ्यायचो, चुकलेली ओळ शोधायचो आणि उदाहरण ‘बनवून’ द्यायचो. आता निवृत्तीला तीन वर्षे झाली. ओसरीत बसून मागे पाहिले की वाटते, उदाहरण बनवून देणे हे माझ्या कामातले सोपे निम्मे होते. त्या मुलाच्या ‘नहीं बनता’मध्ये नेमके कोणते ‘नाही’ दडले आहे ते ओळखणे, हे अवघड निम्मे.

कारण गणितात ‘नाही’ दोन प्रकारचे असते. एक सिद्ध झालेले. त्याच्यापुढे कोणाचेच काही चालत नाही. राजाचेही नाही, संगणकाचेही नाही. दुसरे ऐकीव. कोणी मोठ्या माणसाने म्हटले, पुढच्यांनी मान डोलावली, आणि पिढ्यान्‌पिढ्या ते खरे मानले गेले. दोन्ही ‘नाही’ बाहेरून सारखीच दिसतात. त्यांतला फरक ओळखायला शिकवणे, हीच गणिताच्या मास्तराची खरी नोकरी, असे मी आज म्हणेन. मला हा फरक एका माणसाच्या कामातून कळला. त्यांना मी कधी भेटलो नाही. त्यांचे नाव शरच्चंद्र शंकर श्रीखंडे.

जुन्या प्रांताची माणसे

१९ ऑक्टोबर १९१७ रोजी श्रीखंडे सागरला जन्मले. सागर म्हणजे बुंदेलखंड, आणि आमचे बालाघाट म्हणजे वैनगंगेचे खोरे. नकाशावर मधे बरेच अंतर आहे; पण त्या काळी दोन्ही जिल्हे एकाच मध्य प्रांतात होते आणि त्या प्रांताची राजधानी होती नागपूर. सागरला पेशव्यांचे सरदार गोविंदपंत बुंदेले यांच्यापासून मराठी वस्ती. आमचा लांजीचा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. सत्ता गेल्या, पण मराठी घरे राहिली. घरात मराठी, वर्गात हिंदी, बाजारात पोवारी, हा आमचा रोजचा व्यवहार. मी घरी ‘संच’ म्हणायचो आणि फळ्यावर ‘समुच्चय’ लिहायचो. महाराष्ट्रातल्या पुस्तकात ‘संभाव्यता’ वाचायचो आणि मुलांना ‘प्रायिकता’ सांगायचो. त्याने गणित कधी बिघडले नाही. शब्द बदलले तरी सिद्धता बदलत नाही, हे आमच्यासारख्या सीमेवरच्या माणसाला लवकर कळते.

नागपूर विद्यापीठ १९२३ साली स्थापन झाले. सागरला विद्यापीठ आले ते १९४६ मध्ये, डॉ. हरिसिंग गौर यांच्या पुढाकाराने. म्हणजे श्रीखंडे यांच्या तरुणपणी सागरच्या हुशार मुलाला उच्च शिक्षणासाठी गाव सोडणे भागच होते. ते नागपूरच्या सरकारी सायन्स कॉलेजात शिकले. पुढे काही काळ कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत गेले आणि परत येऊन नागपुरातच शिकवू लागले.

कलकत्त्यात त्यांची भेट राज चंद्र बोस यांच्याशी झाली. बोस बंगाली, वाढलेले रोहतकला. पण त्यांचा जन्म १९०१ सालचा, होशंगाबादचा. नर्मदाकाठचे होशंगाबाद आणि सागर, एकाच प्रांतात जन्मलेली ही दोन माणसे पुढे अमेरिकेत एकत्र बसून थोर गणितज्ञ लिओनार्ड ऑयलरचे म्हणणे खोटे ठरवणार होती. भूगोलाच्या या योगायोगाचा मला आजही आनंद वाटतो. वर्गात मी तो दर वर्षी सांगायचो. मोठे गणित परदेशात होते, असे मनाशी धरून बसलेली मुले ‘होशंगाबाद’ ऐकले की ताठ व्हायची.

सात वाण, सात पट्टे

श्रीखंडे यांचा विषय होता चयनशास्त्र आणि प्रयोगांची आखणी. नाव जड असले तरी त्याची मुळे शेतात आहेत. बालाघाट हा धानाचा जिल्हा; आमच्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणून मी हा विषय नेहमी धानापासूनच सुरू करायचो.

समजा, धानाचे सात वाण एकमेकांशी ताडून पाहायचे आहेत. शेत सगळीकडे सारखे नसते. एका बांधाकडे पाणी साचते, दुसरीकडे माती हलकी. म्हणून तुलना एकाच पट्ट्यात शेजारी शेजारी लावलेल्या वाणांची करावी. पण पट्टा लहान, त्यात तीनच वाण मावतात. मग असे पट्टे आखता येतील का, की कोणतेही दोन वाण कुठे ना कुठे एकदा, आणि एकदाच, एका पट्ट्यात येतील? उत्तर ‘हो’ आहे आणि सातच पट्टे पुरतात: १२४, २३५, ३४६, ४५७, ५६१, ६७२, ७१३. सात वाणांच्या जोड्या एकवीस. सात पट्ट्यांत प्रत्येकी तीन जोड्या, म्हणजेही एकवीस. पेन्सिल घेऊन पाहावे, एकही जोडी सुटत नाही आणि एकही दोनदा येत नाही.

इंग्लंडमध्ये रोनाल्ड फिशर यांनी रॉथमस्टेडच्या शेतकी केंद्रात या आखण्यांचे शास्त्र उभे केले. महालनोबिस यांनी १९३१ मध्ये स्थापलेल्या सांख्यिकी संस्थेत बोस यांनी त्याला बीजगणित आणि भूमितीची बैठक दिली. श्रीखंडे तिथून ही विद्या शिकले आणि पुढे अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात, चॅपेल हिलला, बोस यांच्याच मार्गदर्शनाखाली १९५० मध्ये पीएच.डी. झाले.

त्याच वर्षी त्यांनी अशा काही आखण्या अशक्य असल्याचे सिद्ध करणारा निबंध लिहिला. त्याच तत्त्वाचा एक नमुना सांगतो. वाण २२ घ्या. पट्टेही २२, प्रत्येकात सात वाण, आणि कोणतीही जोडी नेमकी दोन पट्ट्यांत एकत्र यावी. हिशेब तंतोतंत बसतो. एका वाणाच्या बाजूने मोजा: तो सात पट्ट्यांत, प्रत्येकात सहा सोबती, एकूण ४२; आणि उरलेले २१ वाण दोन-दोनदा, तेही ४२. आता कोणीही म्हणेल, थोडा वेळ द्या, बसवतो. पण ते कधीच बसणार नाही.

कारण सांगायला फळा पुरतो. पट्टे आणि वाण यांचा २२ बाय २२ चा तक्ता करा. वाण पट्ट्यात असेल तिथे १, नसेल तिथे ०. अशा तक्त्यातून एक संख्या काढता येते. महाराष्ट्रात तिला निश्चयक म्हणतात, आमच्याकडे सारणिक. तक्त्यातले आकडे पूर्णांक, म्हणून निश्चयकही पूर्णांक, आणि त्याचा वर्ग म्हणजे पूर्ण वर्गसंख्या. पण पट्ट्यांच्या अटी वापरून तोच वर्ग काढला, तर उत्तर येते ७ चा वर्ग गुणिले ५ चा एकविसावा घात. पाच एकवीस वेळा, म्हणजे विषम वेळा. जोडी लागत नाही, एक पाच उरतो, आणि वर्गसंख्या होत नाही. संपले. सगळ्या पृथ्वीवरचे लोक जन्मभर पट्टे आखत बसले तरी ही आखणी बनणार नाही.

याला म्हणतात सिद्ध झालेले ‘नाही’. एका उरलेल्या पाचावर ते उभे आहे. ते ऐकून मुले निराश होत नसत, उलट त्यांचे डोळे चमकायचे. ‘नाही’लाही कारण असते, आणि ते कारण आपल्याला समजते, याचे समाधान वेगळेच असते.

ऑयलरचे म्हणणे

आता दुसरे ‘नाही’.

तीन वाण आणि तीन खते घ्या. तीन बाय तीनच्या चौकोनात असे मांडा, की प्रत्येक आडव्या आणि उभ्या ओळीत प्रत्येक वाण एकदा, प्रत्येक खत एकदा, आणि वाण-खताची प्रत्येक जोडी सबंध चौकोनात एकदाच यावी. पहिली ओळ क१, ख२, ग३. दुसरी ख३, ग१, क२. तिसरी ग२, क३, ख१. झाले. चारचा चौकोनही होतो. गुलाम, राणी, राजा, एक्का आणि चार रंग, असे सोळा पत्ते घेऊन लोक तो फार पूर्वीपासून मांडत आले आहेत.

सहाचा मात्र होईना. सहा पलटणी, प्रत्येकीतले सहा हुद्द्यांचे अधिकारी, असे छत्तीस जण चौकोनात उभे करायचे. ऑयलरने हा प्रश्न घेतला. विषम संख्यांचे आणि चारने भाग जाणाऱ्या संख्यांचे चौकोन कसे करायचे, हे त्याने दाखवले. राहिल्या २, ६, १०, १४, १८, २२ अशा संख्या. दोनचा चौकोन होत नाही, हे कोणीही पाहू शकतो. सहाचा त्याला जमला नाही. १७८२ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याने मत दिले, की या रांगेतल्या एकाही संख्येचा चौकोन होणार नाही.

त्याच्याकडे सिद्धता नव्हती, आणि त्याने तसा दावाही केला नाही. पण म्हणणारा ऑयलर होता. १९०१ मध्ये गास्ताँ तारी या फ्रेंच माणसाने सगळ्या शक्यता तपासून सहाचा चौकोन खरोखरच अशक्य असल्याचे दाखवले. तेव्हापासून तर लोकांना वाटले, सहाचे खरे निघाले म्हणजे पुढचेही खरेच असणार. सिद्ध झालेल्या एका ‘नाही’च्या आधाराने ऐकीव ‘नाही’ची अख्खी रांग उभी राहिली.

श्रीखंडे आणि बोस यांनी ही रांग मोडली ती २२ वर. हो, तीच संख्या. ज्या २२ वाणांची एक आखणी कधीच होत नाही, त्याच २२ चा चौकोन होतो.

त्याची गुरुकिल्ली एका शाळकरी कोड्यात आहे. थॉमस कर्कमन याने १८५० मध्ये विचारले होते: पंधरा मुली रोज तिघी-तिघींच्या पाच ओळींत फिरायला जातात; सात दिवसांत कोणत्याही दोघी एकदाच एका ओळीत याव्यात, असे करता येईल का? येते. आता प्रत्येक दिवसाची एक अशा सात नव्या मुली आणा. सोमवारच्या पाचही ओळींत सोमवारची मुलगी मिसळा, मंगळवारच्या ओळींत मंगळवारची. तिघींच्या पस्तीस ओळी आता चौघींच्या झाल्या. शेवटी सात नव्या मुलींचा एक गट वेगळा करा. एकूण मुली २२. जोड्या मोजा: पस्तीस ओळींत सहा-सहा, म्हणजे २१०, सातांच्या गटात २१, बेरीज २३१. बावीस जणींच्या जोड्याही २३१ च. कोणीही दोघी एकदाच भेटल्या. चारचा आणि सातचा चौकोन आपल्याला करता येतो. ते छोटे चौकोन या गटांवर बसवत गेले की बावीसचा मोठा चौकोन उभा राहतो.

हे पहिल्यांदा समजले, तेव्हा मी बैहरला नोकरीत होतो. रात्री वीज गेली होती. कंदिलाच्या उजेडात २१० आणि २१ ची बेरीज केली आणि उठून अंगणात येऊन उभा राहिलो. माझ्या आजवरच्या वाचनात इतके साधे आणि इतके मोठे काही आले नव्हते.

बोस-श्रीखंडे यांच्या या कामाच्याच सुमारास युनिव्हॅक संगणकाच्या कंपनीत काम करणाऱ्या अर्नेस्ट पार्कर यांनी दहाचा चौकोन शोधला. मग तिघांनी मिळून सिद्ध केले, की २ आणि ६ सोडले तर या रांगेतल्या प्रत्येक संख्येचा चौकोन होतो. ऑयलरचे म्हणणे दोनच ठिकाणी खरे आणि बाकी सगळीकडे खोटे निघाले. २६ एप्रिल १९५९ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही बातमी पहिल्या पानावर छापली. १७७ वर्षे टिकलेले ‘नाही’ संपले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरच्या ‘सायंटिफिक अमेरिकन’च्या मुखपृष्ठावर दहाचा चौकोन रंगांत झळकला. पुढे जॉर्ज पेरेक या फ्रेंच लेखकाने आपल्या १९७८ च्या कादंबरीची बांधणी त्याच चौकोनावर केली.

कीर्तीनंतरची नोकरी

पहिल्या पानावर नाव आल्यानंतर माणूस काय करतो, हे पाहण्यासारखे असते. श्रीखंडे परत आले आणि शिकवू लागले. काही वर्षे बनारसला होते. १९६३ मध्ये मुंबई विद्यापीठात गणित विभाग सुरू झाला, त्याचे ते पहिले प्रमुख. १९७८ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी तो वाढवला. तिथे त्यांच्या हाताखाली नवीन सिंघी घडले, वासंती भट-नायक घडल्या. वासंतीबाई पुढे त्याच विभागाच्या प्रमुख झाल्या. निवृत्तीनंतरही १९८३ ते १९८६ या काळात श्रीखंडे यांनी अलाहाबादच्या मेहता संशोधन संस्थेचे संचालकपद सांभाळले. तीच आजची हरीश-चंद्र संशोधन संस्था.

श्रीखंडे यांच्या नावाचा एक आलेख, म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेघांची रचना, जगभर शिकवला जातो. तोही १९५९ चाच. चार बाय चारचा बुद्धिबळाचा छोटा पट घ्या. त्यात सोळा घरे, आणि प्रत्येक घरातला हत्ती सहा घरांवर मारा करतो. श्रीखंडे यांनी सोळा बिंदूंची अशी दुसरी रचना दाखवली, जिचे सगळे हिशेब हुबेहूब या पटासारखे. प्रत्येक बिंदूला सहा शेजारी, आणि कोणत्याही दोन बिंदूंचे दोन सामाईक शेजारी. तरीही ती रचना वेगळी आहे. हत्तीच्या पटात एका ओळीतली चारही घरे एकमेकांशी जोडलेली असतात. श्रीखंडे आलेखात परस्परांशी जोडलेले चार बिंदू कुठेच सापडत नाहीत.

या आलेखाने मला मास्तर म्हणून एक गोष्ट शिकवली. आकडे सारखे म्हणून दोन गोष्टी सारख्या नसतात. सरकारी नोकरीत आमच्याकडे निकालाचे तक्ते मागितले जायचे: किती बसले, किती पास, टक्केवारी किती. दोन वर्गांची टक्केवारी तंतोतंत सारखी असायची, आणि एका वर्गात मुले एकमेकांना समजावून सांगत शिकलेली, तर दुसऱ्यात प्रत्येक जण एकटा घोकत बसलेला. तक्त्यात हे येत नाही. ते पाहायला वर्गात उभे राहावे लागते.

गणिताची सेवा विद्यापीठातच होते असेही नाही. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर आठवावेत. कोणताही चार अंकी आकडा घ्या, फक्त सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा, आणि उत्तरावर पुन्हा तेच. ५२४३ घेतला तर आधी ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. आणि त्यानंतर ६१७४ च. हे त्यांनी १९४९ मध्ये सांगितले. जगाला त्यांचे नाव नीट कळले ते १९७५ मध्ये, मार्टिन गार्डनर यांच्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या सदरातून, म्हणजे ज्या सदराने १९५९ मध्ये ऑयलरचा पराभव घरोघरी पोहोचवला, त्याच सदरातून. तोवर कापरेकर निवृत्त होऊन तेरा वर्षे झाली होती. बैहरच्या वर्गात पहिल्या दिवशी मी हीच वजाबाकी करायला लावायचो. साठ वह्यांवर साठ वेगळे आकडे, आणि थोड्या वेळाने सगळीकडे ६१७४. त्यानंतर ‘नहीं बनता’ म्हणायला मुलांचा आवाज थोडा तरी खाली यायचा.

घर

श्रीखंडे यांचे चिरंजीव मोहन हेही चयनशास्त्राचेच प्राध्यापक; अमेरिकेत सेंट्रल मिशिगन विद्यापीठात त्यांनी शिकवले. मुंबईचे शरद साने यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेले पुस्तक या विषयात मान्यता पावलेले आहे. वडिलांचा विषय मुलाने घ्यावा, हे वाचताना मला माझे घर आठवते. माझ्या मुलाने गणित घेतले नाही, आणि त्याचे मला दुःख नाही. दुःख दुसऱ्या एका गोष्टीचे आहे, आणि ते या लेखात सांगायचे ठरवूनच मी लिहायला बसलो.

माझी पत्नी गणितात एम.एस्सी. आहे. तिचे गुण माझ्यापेक्षा जास्त होते. लग्न झाले, मी नोकरीला लागलो, दर काही वर्षांनी बदल्या झाल्या. बैहर, वारासिवनी, पुन्हा बालाघाट. घर लावायचे, मोडायचे, मुलांच्या शाळा बदलायच्या, माझ्या आईचे आजारपण काढायचे. तिने पुढे शिकावे की नाही, हा प्रश्न आमच्या घरात कोणी विचारला नाही. कोणी ‘नाही’ म्हटले नाही. म्हणावे लागलेच नाही. ऐकीव ‘नाही’चा हा सर्वांत पक्का प्रकार, तो उच्चारावाही लागत नाही.

२०२३ च्या जुलैमध्ये गणितज्ञ मंगला नारळीकर गेल्याची बातमी आली, तेव्हा पत्नीने कपाटातून त्यांचे ‘गणितगप्पा’ काढून टेबलावर ठेवले. मंगलाताईंनी लग्न, केंब्रिजचा संसार, तीन मुली हे सगळे सांभाळून १९८१ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, के. रामचंद्र यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. विषय संख्या सिद्धांताचा. पुस्तकावर हात ठेवून पत्नी म्हणाली, “अहो, आपण नुसतं विचारलं तरी असतं ना एकमेकांना.”

तिने ‘आपण’ म्हटले. विचारायचे मी होते. ऑयलरचे म्हणणे खोटे कसे ठरले, हे मी चौतीस वर्षे मुलांना सांगितले. आणि रोज संध्याकाळी ज्या घरी परतलो, तिथे एक ‘नाही’ न तपासता जपून ठेवले.

दुसरी आठवण वर्गातली. एक मुलगी होती, परसवाड्याकडून बसने यायची. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी सलग दोन चाचण्यांत ती नापास झाली. वह्या तपासून मी थकलो होतो. मी म्हणालो, “बेटा, गणित तुमसे नहीं होगा, विषय बदल लो.” तिने मान हलवली आणि पुढच्या आठवड्यापासून ती आली नाही. तिला काय जमत नव्हते, हे मी तिला विचारले नव्हते. तिची वही उघडून चुकलेली ओळ शोधली नव्हती. दोन चाचण्या ही काही सिद्धता नव्हे. सहाचा चौकोन होत नाही म्हणून दहाचाही होत नाही, असे म्हणणाऱ्यांत आणि माझ्यात त्या दिवशी काही फरक नव्हता. ती पुढे काय झाली, मला माहीत नाही. मी शोध घ्यायला हवा होता, तोही घेतला नाही.

ओसरी

श्रीखंडे २१ एप्रिल २०२० रोजी विजयवाड्यात वारले, वय १०२. टाळेबंदीचे दिवस होते आणि आमच्या गावात रस्ते ओस पडले होते. बातमी मी पत्नीला वाचून दाखवली आणि बावीस मुलींचे कोडे पहिल्यांदा नीट समजावून सांगितले. २१० अधिक २१ पर्यंत आलो, तेव्हा ती म्हणाली, “थांबा,” आणि पुढचे तिने स्वतःच बोलून पुरे केले. चार आणि सातच का, पाच आणि सहा का नाहीत, हेही तिनेच सांगितले.

आता संध्याकाळी आमच्या ओसरीत दहा-बारा मुली येतात. मोहल्ल्यातल्या आहेत, दोघी-तिघी सायकलने भरवेलीहून येतात. शिकवते ती, मी खडू आणि चहा पुरवतो, आणि बोलावले तर बोलतो. फी नाही. एकच नियम आहे, तिने केलेला: ‘नहीं बनता’ म्हणायचे असेल, तर कुठल्या ओळीपासून बनत नाही ते बोट ठेवून दाखवायचे. बहुतेक वेळा बोट ठेवता ठेवताच ती ओळ सुटते.

गेल्या श्रावणात पाऊस लागून राहिला होता, म्हणून चौकोनांचा खेळ काढला. पत्त्यांचा चारचा झाला, मग दहाच्या चौकोनाची गोष्ट झाली. अकरावीतली एक मुलगी बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, “मॅडम, वाण झाले, खते झाली. तिसरी गोष्ट घातली तर? दहामध्ये तिन्ही बसतील?”

पत्नीने माझ्याकडे पाहिले. हा प्रश्न मला ओळखीचा होता. दहाच्या चौकोनात अशा तीन गोष्टी एकदम बसतात की नाही, हे आजवर कोणालाही सिद्ध करता आलेले नाही; होतात असेही नाही आणि होत नाहीत असेही नाही. नऊ गोष्टी बसत नाहीत, इतके मात्र १९८९ मध्ये क्लेमेंट लॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महासंगणक लावून दाखवले. तीनचे अजून उघडेच आहे.

मी म्हणालो, “माहीत नाही.”

“आपको नहीं मालूम?”

“मलाही नाही, कोणालाच नाही. अजून कोणी ‘हो’ म्हणू शकलं नाही, आणि कोणी ‘नाही’ही म्हणू शकलं नाही.”

मुलीने पत्नीकडे पाहिले, खात्री करून घेतल्यासारखे. पत्नीने मान हलवली. मग ती आत गेली, भिंतीवरचे गेल्या वर्षीचे कॅलेंडर काढले, त्याची मोठी कोरी बाजू वर करून फरशीवर पसरली आणि पट्टी मुलीच्या हातात दिली. मुलगी गुडघ्यांवर बसून दहा बाय दहाची घरे आखू लागली. पाऊस चालूच होता. थोड्या वेळाने पत्नीही चष्मा लावून तिच्या शेजारी खाली बसली.